बारा डब्या आणि कोकमाचे बेंझोएट

जुलैच्या पहिल्या आठवड्यात डोंबिवलीहून माझ्या भाचीच्या नणंदेने तिला व्हॉट्सॲपवर एक छायाचित्र पाठवले. पांढऱ्या क्रीमच्या डबीत, काठाला चिकटून, मोहरीएवढे तीन हिरवट-काळे ठिपके दिसत होते आणि खाली एकच ओळ होती: "वहिनी, हे असंच असतं का?" भाची रत्नागिरीजवळ राहते. मे महिन्यात तिने घरच्या कोरफडीचे क्रीम करून बारा डब्या भरल्या होत्या. दोन घरी ठेवून बाकीच्या दहा नातेवाइकांत आणि शेजारी वाटल्या होत्या. मी तीस वर्षे औषधनिर्माण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काढली असल्याने पुढचा फोन मला आला, आणि तिचे पहिले वाक्य असे होते: "मावशी, बेंझोएट घातलंय गं मी, मोजून." बेंझोएट म्हणजे सरबते टिकावीत म्हणून घालतात ते संरक्षक द्रव्य. तिचे ते वाक्य येथे नोंदवून ठेवते, कारण साऱ्या प्रकरणाची गाठ त्यातच आहे.

क्रीमची कृती तिने वहीत नीट लिहून ठेवली होती. खोबरेल २०० ग्रॅम, बदामाचे तेल १०० ग्रॅम, मधमाश्यांचे मेण ८४ ग्रॅम, टाकणखार (बोरॅक्स) ५ ग्रॅम, मिक्सरमधून काढून गाळलेला कोरफडीचा गर २१० ग्रॅम आणि सोडियम बेंझोएट अर्धा ग्रॅम. ही कृती तिची नाही आणि नवीनही नाही. तेल, मेण आणि पाणी घोटून केलेले 'कोल्ड क्रीम' दुसऱ्या शतकातील गेलन या वैद्याच्या नावावर सांगितले जाते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यात टाकणखार आल्यावर ते फुटायचे थांबले. मेणातील आम्ले आणि टाकणखार यांच्यापासून क्रीममध्येच थोडासा साबण तयार होतो आणि तो साबण तेल-पाण्याला एकत्र धरून ठेवतो. भाचीने साहित्य डिजिटल काट्यावर मोजले होते, भांडी उकळून घेतली होती आणि कोरफडीची पाने कापल्यावर अर्धा तास उभी ठेवून त्यांतील पिवळा, कातडीला खाज आणणारा चीकही निथळू दिला होता. म्हणजे हलगर्जीपणाचे हे प्रकरण नव्हे, आणि म्हणूनच ते सविस्तर लिहावेसे वाटले.

मी प्रत्यक्ष गेले तोपर्यंत तिने सर्वांना फोन करून डब्यांची खबर घेतली होती. तिची एक सवय येथे फार उपयोगी पडली. कोणाला कोणती डबी दिली ते लक्षात राहावे म्हणून तिने भरतानाच प्रत्येक झाकणावर बॉलपेनने क्रमांक टाकले होते. २, ३, ५, ६ आणि १० या पाच डब्यांत बुरशी दिसत होती. १ आणि ७ जूनमध्येच संपल्या होत्या. ४ क्रमांकाची डबी भाचीच्या स्वतःच्या फ्रीजमध्ये होती आणि वरून स्वच्छ दिसत होती. ८, ९, ११ आणि १२ मध्येही काही दिसत नव्हते.

घरातील सर्वांचे पहिले अनुमान असे होते की वापरणाऱ्यांनी ओली बोटे घातली असावीत. कोकणातला पाऊस, दिवसचे दिवस न वाळणारे कपडे, भिंतींना सुटलेला ओलावा, हे सगळे पाहता ते अनुमान सयुक्तिक होते. पण ३ क्रमांकाची डबी पुण्याला माझ्या वहिनींच्या कपाटात होती, झाकणाभोवतीची चिकटपट्टीही काढलेली नव्हती, आणि त्यांनी माझ्या सांगण्यावरून फोनसमोरच ती उघडली तेव्हा ठिपके आत होतेच. न उघडलेल्या डबीत कोणाचे बोट जाणार? बुरशीचे बीज भरतानाच आत गेले होते आणि तिला वाढायला जागाही आतच मिळाली होती.

मग १ ते ७ आणि ८ ते १२ यांत फरक काय, एवढाच प्रश्न उरला. भाचीला आठवत होते. सात डब्या भरून झाल्यावर शाळेतून फोन आला, मुलाला आणायला जावे लागले, आणि उरलेले क्रीम पातेल्यात फडक्याखाली तसेच राहिले. दोन तासांनी परत येऊन तिने ते पुन्हा घोटले आणि उरलेल्या पाच डब्या भरल्या. पहिल्या सात डब्यांत क्रीम गरम होते आणि झाकणे लगेच घट्ट लावली गेली होती. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, त्यामुळे हे क्रीम ७० अंशांच्या आसपास घोटावे लागते. इतक्या गरम क्रीमवर झाकण बसले की वाफ झाकणाला थंड होऊन पाण्याचे थेंब धरते. पुण्याच्या डबीत झाकणाच्या आतल्या बाजूला, वाटीवर ताट झाकल्यावर दिसतात तसे, बारीक थेंब वाळून राहिलेले वर्तुळाकार डाग स्पष्ट होते. ते थेंब मग क्रीमवर पडतात, आणि हे पाणी वाफेचे, म्हणजे जवळजवळ शुद्ध असते. त्यात क्रीममधले संरक्षक द्रव्य नसते.

तेल जास्त आणि पाणी कमी असलेल्या अशा क्रीममध्ये पाणी सूक्ष्म थेंबांच्या रूपात तेलाच्या वेढ्यात अडकलेले असते. बुरशीला पसरायला तेथे अडचण होते. पृष्ठभागावर मोकळे पाणी साचले की ती अडचण संपते. म्हणून ठिपके सगळीकडे वरच्या थरात आणि काठालगत होते, मधोमध किंवा तळाशी नव्हते. १० क्रमांकाची डबी मात्र थंड भरलेली असूनही बिघडली. ती शेजारच्या काकूंकडे न्हाणीघरातल्या फळीवर होती आणि त्या रोज आंघोळीनंतर ओल्या हातानेच क्रीम काढत असत. तेव्हा ओल्या बोटांचे अनुमान एका डबीपुरते खरे ठरले.

एवढ्याने डब्यांच्या क्रमांकांचा उलगडा झाला, पण भाचीच्या वाक्याचा झाला नाही. संरक्षक द्रव्य घातलेले असताना बुरशी वाढलीच कशी? थेंबांत ते नव्हते हे कबूल, पण थेंब क्रीमला टेकलेले होते आणि बुरशी तेथून क्रीममध्येही उतरली होती.

हे बेंझोएट आले होते कोकमाच्या सरबतातून. भाची दर मे महिन्यात कोकमाचा आणि लिंबाचा पाक करून बाटल्या भरते. कोकमाला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे दुसरे संरक्षक द्रव्य चालत नाही, कारण त्याने लाल रंग उडतो, आणि म्हणून रंगीत सरबतांना सोडियम बेंझोएट वापरायचे हे कोकणात घरोघरी ठाऊक असते. तिच्या बाटल्या पुढच्या मे महिन्यापर्यंत टिकतात. जे द्रव्य सरबत वर्षभर राखते ते क्रीम दोन महिने तरी राखेल, हा तिचा हिशेब मला अजिबात मूर्खपणाचा वाटत नाही. स्वयंपाकघरातला अनुभव असाच एका बरणीतून दुसऱ्या बरणीत जातो आणि बहुतेक वेळा बरोबरही ठरतो.

येथे तो चुकला तो आंबटपणामुळे. बेंझोएट सूक्ष्म जीवांवर काम करते ते बेंझोइक आम्लाच्या, म्हणजे विद्युतभार नसलेल्या रूपात. त्याच रूपात ते पेशीच्या आवरणातून आत शिरू शकते. सामू, म्हणजे पीएच, ४.२ असतो तेव्हा निम्मे बेंझोएट या कामाच्या रूपात असते. सामू ३.२ पर्यंत उतरला की सुमारे नव्वद टक्के, ५.२ पर्यंत चढला की नऊ टक्के, आणि ७.२ ला हजारात एक भाग. सामूचे एकेक अंक म्हणजे दहाची पट असते हे शाळेत शिकवतात, पण त्याचा असा फटका बसल्याशिवाय ते मनात मुरत नाही.

मी सोबत सामूच्या पट्ट्या नेल्या होत्या. एक चमचा क्रीम आणि नऊ चमचे कोमट डिस्टिल्ड वॉटर एका लहान बाटलीत घालून खूप हलवले, तेल वर येऊ दिले आणि खालच्या पाण्यात पट्टी बुडवली. तुलनेसाठी कोकमाचे सरबत घ्यायचे ठरले होते, पण त्याचा स्वतःचाच लाल रंग पट्टीला लागतो आणि काही कळत नाही, म्हणून लिंबाचा पाक घेतला. तिसरी पट्टी ताज्या कोरफडीच्या गराची होती. स्टीलच्या ताटात तिन्ही शेजारी ठेवल्या. लिंबाची तांबूस झाली, कोरफडीची पिवळसर, म्हणजे साडेचार-पाचच्या दरम्यान, आणि क्रीमची निळसर हिरवी झाली, म्हणजे आठ. कोरफड मुळात आंबटच होती. तिला टाकणखाराने आम्लारीच्या, म्हणजे आम्लाच्या उलट, बाजूला ओढून नेले होते. भाची ताटाकडे पाहत बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी घातलेलं झोपूनच होतं." याहून नेमके मला सांगता आले नसते. येथे बेंझोएटचे प्रमाण दुप्पट-तिप्पट करूनही काही साधले नसते, कारण त्यातला जवळजवळ सगळा भाग निष्क्रियच राहिला असता.

मग तिने साहजिकच विचारले की क्रीममध्ये लिंबूसत्त्व घालून सामू खाली आणला तर? अंदाज मला होता, पण करून पाहणे बरे म्हणून ऑगस्टमध्ये शंभर ग्रॅमचा छोटा घाणा केला आणि सायट्रिक ॲसिडचे पाणी थेंब थेंब घालत गेलो. सामू सहाच्या खाली जाऊ लागला तसे क्रीम आधी दाणेदार झाले आणि मग दुधात लिंबू पिळावे तसे फाटले: खाली पाणी, वर मेण-तेलाचा गोळा. आम्लाने नेमका तोच साबण मोडला ज्याच्या जोरावर क्रीम उभे होते. थोडक्यात, टाकणखाराचे क्रीम आणि बेंझोएट यांचे जमत नाही, आणि सौंदर्यप्रसाधनांच्या घरगुती कृतींमध्ये ही जोडी ज्या सहजतेने सुचवली जाते ती पाहून मला काळजी वाटते. तसेही लहान मुलांसाठी किंवा कातडी फुटली असेल तेथे लावायच्या वस्तूत टाकणखार घालू नये, हे मी तिला त्याच वेळी सांगितले.

राहिल्या त्या न बिघडलेल्या डब्या. भाचीचे म्हणणे असे की ८, ९, ११, १२ यांना वास छान येतो, रंग बदललेला नाही, मग त्या परत का मागवायच्या? आणि काकूंचे म्हणणे त्याहून पुढचे: लोणच्यावरची बुरशी आपण काढून टाकतोच, वरचा थर काढला की झाले. मीठ, तेल आणि आंबटपणा यांच्या जोरावर लोणच्याचा खालचा भाग पुष्कळदा वाचतो, जरी तेथेही मी तसे करा म्हणणार नाही. क्रीमला असा कोणताच आधार नव्हता. बुरशीचे तंतू ठिपक्याच्या पलीकडे, डोळ्यांना दिसत नाहीत इतके लांब गेलेले असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जीवाणू ठिपका दाखवतच नाहीत. ग्रॅममागे लाखो जीवाणू असलेले क्रीम पांढरेशुभ्र आणि सुवासिक असू शकते, आणि प्रसाधनांत सापडणारा स्यूडोमोनस एरुजिनोसा हा जीवाणू डोळ्यांना आणि जखमेला विशेष घातक असतो. निरोगी, अखंड कातडीवर बहुधा काही होणार नाही. पण डोळ्यांखाली लावणारी, दाढीनंतर कापल्या जागी लावणारा, मधुमेह असलेले आजोबा, बाळाच्या गालाला लावणारी आई, हे सगळे त्या दहा घरांत होतेच. साऱ्या डब्या, फ्रीजमधल्या ४ क्रमांकासह, टाकून दिल्या. फ्रीजने वाढ मंदावते, थांबत नाही, आणि काही जीवाणू तर थंडीतही हळूहळू वाढतच राहतात.

त्याच दुपारी तिच्या फळीवरच्या बाकीच्या बाटल्या आम्ही खाली काढल्या. गुलाबपाणी म्हणजे पाकळ्या उकळून गाळलेले पाणी होते. ऊर्ध्वपातन केलेले ते नव्हे. दहा दिवस बाहेर राहिल्याने बाटली उजेडात धरल्यावर आत कापसासारखे तंतू तरंगताना दिसत होते. उकळल्याने जीवाणू मरतात, पण त्यांतील काहींची बीजरूपे शंभर अंशांनाही तग धरतात आणि पाणी निवल्यावर पुन्हा जागी होतात. असे पाणी फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस ठेवावे, नाहीतर बर्फाच्या साच्यात गोठवून रोज एक तुकडा काढावा. जास्वंद आणि कढीपत्ता घातलेल्या तेलाला खवट, शिळ्या शेवेसारखा वास होता. तेथे दोन वेगळ्या गोष्टी घडल्या होत्या. पाने-फुले धुतल्यावर पुरती सुकवली नव्हती, त्यामुळे तळाशी पाण्याचा एक थेंब गोळा होऊन चिकट गाळ झाला होता. आणि तेल पितळेच्या जुन्या गडूत, खिडकीत, उन्हात ठेवले होते. तांबे असलेल्या धातूने आणि उजेडाने तेल लवकर खवट होते. तेल मंद आचेवर तडतड पूर्ण थांबेपर्यंत तापवावे, म्हणजे पाणी गेल्याची खूण पटते, आणि ते गाळून गडद काचेच्या कोरड्या बाटलीत, काठोकाठ भरून ठेवावे. तिने 'टिकावे म्हणून' तेलात ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल फोडून घातल्या होत्या. त्याने खवटपणा लांबतो, बुरशी किंवा जीवाणू यांना मात्र काहीच होत नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की क्रीमच्या डब्यांवर 'नैसर्गिक संरक्षक: व्हिटॅमिन ई' असे छापलेलेही मी पाहिले आहे.

सर्वांत सुखरूप होते ते गेल्या दिवाळीचे उटणे. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, मसुराचे पीठ, संत्र्याची साल, मुलतानी माती. सगळे कडक उन्हात वाळवून, दळून, वस्त्रगाळ करून लहान पुड्यांत बांधलेले. एका पुडीत पोरकिडे झाले होते, तीच पुडी जी तोंड उघडी राहून सांदीला पडली होती. कोरड्या वस्तूत सूक्ष्म जीव असतातच, मातीत आणि मुळ्यांत तर भरपूर असतात, पण त्यांना वाढायला पाणी मिळत नाही. म्हणूनच उटणे दुधात किंवा पाण्यात कालवल्यावर उरलेला लगदा वाटीत झाकून दुसऱ्या दिवशीसाठी ठेवणे ही फार मोठी चूक आहे. कालवले त्या क्षणी ते पीठ राहत नाही, जेवणातल्या उरल्या पिठल्यासारखी नाशवंत वस्तू होते.

पुढे काय करायचे, यावर आमचा थोडा वाद झाला. भाचीला कोरफडीचेच क्रीम हवे होते, आणि गावातल्या बचत गटाने तिला दिवाळीच्या प्रदर्शनात डब्या ठेवायला सांगितले होते. पायसीकारक मेण (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारे), डिस्टिल्ड वॉटर, सामू पाचच्या आसपास आणि बेंझोएटऐवजी एक टक्का फिनॉक्सिएथॅनॉलवर आधारित संरक्षक, अशी कृती मी तिला बसवून दिली. क्रीम ४० अंशांखाली उतरल्यावर संरक्षक घातला आणि पूर्ण निवल्यावरच डब्या भरल्या, काठ आणि झाकणे ७० टक्के अल्कोहोलने पुसून. तीन डब्या मुद्दाम ठेवल्या: एक स्वयंपाकघराच्या फळीवर, एक फ्रीजमध्ये आणि एक अशी की जिच्यात काकूंनी रोज ओले बोट घालायचे. काकूंनी हे काम फार मन लावून केले. नोव्हेंबरपर्यंत तिन्हींत काही दिसले नाही. तरी मी वाटायला परवानगी दिली नाही, कारण दिसले नाही याचा अर्थ काय ते जुलैतच शिकून झाले होते. अशा वस्तूची खरी परीक्षा प्रयोगशाळेत होते. तेथे क्रीममध्ये ठरावीक जीवाणू, यीस्ट आणि बुरशी मुद्दाम सोडून अठ्ठावीस दिवस त्यांची संख्या किती घटते ते मोजतात. तिचा खर्च बारा डब्यांना परवडणारा नाही. विक्रीचा प्रश्न तर त्याहून सरळ होता. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार विकण्यासाठी प्रसाधन तयार करायला राज्य प्रशासनाचा परवाना लागतो, आपल्याकडे तो अन्न व औषध प्रशासन देते, आणि डबीवर बॅच क्रमांक व वापरण्याची मुदत द्यावी लागते. प्रदर्शनातला टेबल त्याला अपवाद नाही. बचत गटाला तिने नाही सांगितले, आणि ते सांगणे तिला जड गेले.

वाटण्यासाठी काय, याचे उत्तर तिच्या सासूबाईंच्या कपाटात मिळाले. जुन्या धोतराच्या तुकड्यात मुठेलाचे दोन गोळे गुंडाळलेले होते. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, मुठीने दाबून गोळा केलेले, टाचांच्या भेगांना लावायचे. गोळे दोन वर्षांपूर्वीचे होते आणि त्यांना खवट वास नव्हता. या तेलात हवेने सहज खवट होणारी आम्ले फार कमी असतात आणि ते ४० अंशांच्या जवळ आल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे कोकणातल्या उन्हाळ्यातही ते गोळाच राहते. बिया कुटून पाण्यात उकळून ते काढतात खरे, पण वर आलेले तेल वेगळे केल्यावर त्यात पाणी उरत नाही, किंवा उरले तर पुन्हा तापवून घालवता येते. भाचीने मुठेल तीन भाग, तिळाचे तेल तीन भाग आणि मेण एक भाग घेतले, तडतड थांबेपर्यंत तापवले आणि डब्या उघड्याच ठेवून रात्रभर निवू दिल्या. झाकणे सकाळी लागली. पाणी नाही, म्हणून संरक्षकही नाही. फक्त कोरड्या हाताने काढायचे.

या वेळच्या झाकणांवर क्रमांकाखाली तिने भरल्याची तारीखही घातली आहे. डोंबिवलीच्या नणंदेला १ क्रमांक गेला. काकूंना डबीबरोबर कोरफडीचे एक रोप कुंडीत लावून दिले, त्या आता रोज सकाळी बोटभर तुकडा कापून लावतात आणि उरलेला झाडाच्या बुडाशी टाकतात.